भावाने शिकार केली, बाबांनी ग्रुप सोडला

पत्र

मावशी, नमस्कार.

मी बोरिवली पूर्वेला राहते, वय ४१. धाकटा भाऊ सहा वर्षांपासून अलास्कात, अँकरेजला आहे. आता तिथला कायमचा रहिवासी झालाय. गेली चार वर्षं तो शिकारीला जातो. आधी ऑफिसातल्या मित्राबरोबर जायचा, पण मागचे दोन सप्टेंबर एकटाच गेला. छोटं विमान कुठल्याशा नदीकाठी सोडतं आणि दहा दिवसांनी न्यायला येतं. मधल्या काळात फोन लागत नाही. या वर्षी त्याला मूस, म्हणजे तिकडचं धिप्पाड हरीण, मिळाला (आईला आधी वाटलं, उंदीर). शिंगांशेजारी बसून काढलेला फोटो त्याने घरच्या ग्रुपवर टाकला. बाबांनी बेस्टमधून निवृत्त झाल्यावर माळ घातली आहे. एक शब्द न बोलता त्यांनी ग्रुप सोडला. दोन महिने झाले, दोघं बोललेले नाहीत.

आता तो जानेवारीत येतोय. कणकवलीजवळ आमचं गाव आहे. तिथे चुलत भावांनी त्याच्यासाठी रात्रीची पारध ठरवली आहे. काकांकडे शेतीसंरक्षणाची बंदूक आहे, डुकरांनी यंदा भात आडवं केलं आहे, आणि "अलास्कावाल्याचा नेम बघूया" असं सगळ्यांचं चाललंय.

मी मटण खाते. तरी तो फोटो बघून मला रडू आलं, आणि का ते अजून सांगता येत नाही. तो चुकतोय का? तो एकटा जातो त्याची धास्ती वेगळीच. आणि बाबांना काय सांगू?

— ताई, बोरिवली

उत्तर

प्रिय ताई,

बाजारातून आल्यावर पिशवी ओट्यावर पालथी करून आधी नासणारा माल बाजूला काढतात, तसं करू. तुझ्या पत्रातला नासणारा माल म्हणजे गावची पारध, कारण तिला तारीख लागलेली आहे.

तिला सरळ नाही म्हण. इथे माझ्या मताचा प्रश्न येत नाही, १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे. २०२२ साली त्यात दुरुस्ती झाली, सहा अनुसूचींच्या, म्हणजे जनावरं-झाडांच्या याद्यांच्या, चार झाल्या, पण डुक्कर, भेकर, ससा यांतलं काहीही मारायला मोकळं झालं नाही. शिकार म्हणजे नुसतं मारणं असंही हा कायदा मानत नाही. फासकी लावणं, आमिष ठेवणं, हाका घालून जनावर उठवणं हे सगळं त्यात येतं, आणि नेम चुकला तरी प्रयत्न केला म्हणून शिकारच धरतात. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. जनावर पहिल्या, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या, अनुसूचीतलं निघालं तर तीन वर्षांपासून सात वर्षांपर्यंत. रात्री बॅटरीच्या झोतात झुडपाआड दोन डोळे चमकतात. ते कुठल्या अनुसूचीतले, हे चुलत भाऊ ओळखणार आहेत का?

काकांचा परवाना बंदूक बाळगायचा आहे, शिकारीचा नाही. आपल्याकडे ही गल्लत बापाकडून मुलाकडे बंदुकीबरोबरच येते. डुकराने उभं पीक उद्ध्वस्त केलं तर वनखात्याकडे अर्ज करून लेखी परवानगी मागायची सोय कायद्याच्या ११ व्या कलमात आहे. ती मिळेपर्यंत किती चपला झिजतात ते काकांना विचार. रात्रभर माळ्यावर बसून राखण केली आणि पहाटे डोळा लागला तेवढ्यात निम्मं भात लोळवलं गेलं, अशा माणसाला भूतदया शिकवायला मी मुंबईतून जाणार नाही. त्याचा राग खरा आहे. पण तो काकांचा राग. तुझ्या भावाचं कुठलं भात आडवं झालंय? तो जाणार तो नेम दाखवायला.

शिवाय रात्रीच्या या पारधीत काय होतं ते वर्तमानपत्रात येतच असतं. २०२५ च्या सुरुवातीला पालघर जिल्ह्यात आपल्याच सोबत्याला डुक्कर समजून गोळी घातली गेली. चार-सहा जण, अंधार, एक बंदूक, आणि पोटात थोडी असली तर बघायलाच नको. भावाला एवढंच सांग: ज्या देशात तो हंगामाची तारीख आणि परवान्याचा कागद बघितल्याशिवाय बंदुकीला हात लावत नाही, तिथली शिस्त इथे विमानातून उतरताना काढून ठेवायची नाही. त्याने नाही म्हटलं की चुलत भावांचाही उत्साह निम्मा होईल. त्यांना बंदुकीपेक्षा पाहुण्याचं कौतुक जास्त आहे.

हे झालं. आता उरलेलं, म्हणजे तुझं रडू.

माझं आजोळ तुझ्या गावापासून फार लांब नाही. मामा शिकारी होता. कायदा यायच्या आधी, आणि लपवून काय करू, नंतरही काही वर्षं. ठासणीची बंदूक, दोन कुत्रे, आणि वाडीतले पंधरा-वीस जण हाक्याला. आम्ही पोरी घरी. म्हणजे शिकारीला न गेलेल्यांची बाजू मला चांगली ठाऊक आहे: मसाला वाटून ठेवायचा की नाही याचा निकाल लागेना म्हणून पाट्यापाशी ताटकळणाऱ्या आजीची बाजू. संध्याकाळी माणसं आली की खळ्यात केळीची पानं मांडली जायची आणि वाटे पडायचे. ज्याच्या बाराने जनावर पडलं त्याला मुंडकं आणि एक जादा वाटा. हाक्यातल्या प्रत्येकाला एकेक, मग तो पोरगा का असेना. कुत्र्यांचं कुत्र्यांना. आणि एक पान कुणी न सांगता वाडीच्या टोकाला जायचं, जिथे एक म्हातारी एकटी राहायची. तिचं कुणी हाक्याला गेलेलं नसे. तरी पान जायचं.

वाटे पडताना सगळा दिवस पुन्हा बोलला जायचा. कोण झोपला, कुणी आधी आवाज केला, बार कुठे लागला. मामा खोटं बोलू शकत नसे, कारण वीस साक्षीदार समोर बसलेले. एकदा त्याचा बार डुकराच्या मागच्या फऱ्यात बसला आणि ते रक्त सांडत घळीत गेलं. मामा त्या रात्री जेवला नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे गेला तो तिसऱ्या दिवशी परत आला, जनावर सापडलं तेव्हाच. "बार चुकलो तरी चलात, पण जखमी जनावर रानात सोडून घराक येवचा नाय," हे वाक्य मी त्याच्या तोंडून शंभर वेळा ऐकलं असेल. त्या काळाला मी सोन्याचा मुलामा देत नाहीये. त्याच मामाने नंतर पोटुशी भेकर मारल्याचंही मला माहीत आहे, आणि त्या दिवशी वाटे गुपचूप पडले.

शिकारीचे नियम इंग्रजांनी किंवा अमेरिकनांनी आपल्याला दिले असं समजू नकोस. पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि त्यांच्या सहकाऱ्याने अहमदनगर भागातल्या भटक्या जमातींचा अभ्यास केला होता. त्यात फासेपारधी फाशांनी हरणं आणि पक्षी धरत, नंदीवाले कुत्री घेऊन डुक्कर, साळिंदर, घोरपड यांच्या मागे जात, वैदू मुंगसासारखी छोटी जनावरं सापळ्यात पकडत. एकाच रानात तिघं, पण एकमेकांच्या ताटात हात नाही. आणि फासात अडकलेलं पाडस किंवा गाभण मादी सोडून द्यायची हा फासेपारध्यांचा रिवाज. त्याच जमातीला इंग्रजांच्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मजात गुन्हेगार ठरवलं गेलं, आणि इकडे संस्थानिक आणि साहेब मोटारीतून शिकारी करत राहिले. १९४७ साली आताच्या छत्तीसगडमधल्या कोरिया संस्थानात आपल्या देशातले मूळचे शेवटचे तीन चित्ते एकाच रात्री मारले गेले, ते मारणारा पारधी नव्हता. आपल्याकडे शिकार बंद करावी लागली ती या हिशेबशून्यतेपायी. ज्यांना मोजायची अक्कल होती त्यांच्या हातून रान गेलं, आणि ज्यांच्या हाती आलं त्यांनी मोजलं नाही.

अलास्कात मोजतात. भाऊ चुकतोय का, या तुझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यात आहे. तिथे पावणेदोन ते दोन लाख मूस आहेत आणि वर्षाला सहा ते आठ हजार मारले जातात. पुष्कळ भागांत कुठला नर मारायचा तेही ठरलेलं: शिंगांचा पसारा निदान ५० इंच हवा, किंवा कपाळावरच्या टोकांची ठरावीक संख्या हवी. म्हणजे दुर्बिणीतून टोकं मोजत बसायचं, आणि खात्री झाली नाही तर चाप न ओढता परत फिरायचं. छोट्या विमानाने गेलात तर त्या दिवशी शिकार करता येत नाही, दुसऱ्या दिवशी पहाटे तीन वाजल्यानंतरच. नाहीतर वरून जनावर हेरायचं आणि खाली उतरून मारायचं, हे फार सोपं होईल. लांब बंदुका आणि काडतुसांवर अमेरिकेत ११ टक्के कर आहे, आणि १९३७ च्या एका कायद्याने तो पैसा वन्यजीवांच्या कामाला जातो.

मला सगळ्यात आवडलेला नियम मांसाचा. चारही फरे, बरगड्या, मान, पाठ, जे जे खाण्याजोगं ते सगळं रानातून बाहेर आणलंच पाहिजे. ते आणायच्या आधी शिंगं आणली तर गुन्हा. आणि हे मांस विकता येत नाही. वाटता येतं. बघ, सरकारी कागदात कुठेतरी आमच्या खळ्यातली केळीची पानं आहेतच.

तेव्हा कायद्याने तो चुकत नाही, आणि मला विचारशील तर पापही करत नाही. "तू मटण खातेस, मग मला काय बोलतेस?" असं मात्र तो तुला नक्की ऐकवेल. हा युक्तिवाद फार स्वस्त आहे, त्याने गप्प बसू नकोस. देवनारच्या कत्तलखान्यात जे होतं त्यात माझे पैसे आहेत, हे कबूल. पण मी तिथे उभी राहून हसत फोटो काढत नाही. शिकाऱ्याला आनंद होतो, आणि तो नाकारणारा शिकारी खोटं बोलतो. मामाही हसायचा. माझा अंदाज असा की तुला रडू आलं ते मेलेल्या जनावरामुळे नाही, त्याच्या शेजारच्या हसण्यामुळे. लहानपणापासून ओळखीचा चेहरा, आणि त्यावरचं हसू अनोळखी.

पण आणखी एक सांगते. तो फोटो त्याने का टाकला, हे मी दोन दिवस मनात घोळवलं. माळ घातलेल्या बापाच्या ग्रुपवर असला फोटो टाकणारा मुलगा एकतर बेफिकीर असतो किंवा अगदी एकटा. दहा दिवस नदीकाठी. बार पडला, एवढं मोठं धूड कोसळलं, आणि आजूबाजूला "लागला रे!" म्हणून ओरडणारं कुणी नाही. वाटे घालायला खळं नाही, कुणी आधी आवाज केला यावरून भांडायला माणसं नाहीत. त्याच्याकडे वाटण्यासारखा होता तो एक फोटो, आणि वाडी म्हणून होता तो तुमचा ग्रुप. बढाई त्यात असेलच, बाराची बढाई मामाही मारायचा. पण तो वाटा होता, ताई. तो एकाने नाकारला आणि बाकीच्यांनी बहुधा अंगठ्याचं चित्र टाकून बाजूला ठेवला.

म्हणून त्याच्याशी फोनवर बोलताना "का मारलंस" हे विचारू नकोस. त्याचं उत्तर पाठ असतं. विचार, मांस कुणाकुणाला दिलंस? पाचशे पौंडांच्या आसपास मांस एका नरातून निघतं, म्हणजे सव्वादोनशे किलो. एकटा माणूस, एक फ्रीझर. अलास्कातल्या कितीतरी मूळनिवासी वस्त्यांमध्ये पोराची पहिली शिकार पोराने खायची नसते, म्हाताऱ्यांना वाटून टाकायची असते. त्याला तिथे सहा वर्षं झाली, हे त्याने ऐकलं असणार. त्याने कुणाच्या दारी पान नेलं का, ते ऐक. नेलं असेल तर तुझं निम्मं रडू तिथेच ओसरेल. नेलं नसेल तर त्याला ते सुचव, ऐकेल.

दुसरं विचार: एखादं जखमी होऊन सुटलं का? हा प्रश्न त्याला कुणी विचारलेला नसणार. दोघं असले की एक जण रक्ताच्या शेवटच्या थेंबापाशी उभा राहतो आणि दुसरा पुढचा थेंब शोधतो. एकट्याला ते दोन्ही करावं लागतं, अंधार पडत आला की मन म्हणतं, "लागलाच नसेल", आणि तसं ठरवून तंबूत परतायला कुणाची आडकाठी नसते. माझ्या लेखी एकट्याने शिकार करण्यातला खरा पेच हा आहे. तो उत्तर द्यायला वेळ घेईल. घेऊ दे. मधेच बोलू नकोस.

त्याला एक वही ठेवायला सांग. हा सल्ला माझा नाही, मुंबईच्याच एका पोराचा आहे. खेतवाडीत वाढलेल्या पक्षितज्ज्ञ सलीम अलींनी लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने चिमण्या मारल्या. घरट्याजवळचा नर मारला की मादी दुसरा नर आणायची, तोही मारायचा, असे सात दिवसांत आठ. आणि हे त्यांनी तेव्हाच लिहून ठेवलं, काही न लपवता. पुढे पिवळ्या गळ्याची एक चिमणी मारली गेली, ती कुठली हे कळेना म्हणून त्यांच्या मामांनी त्यांना बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवलं, आणि बाकीचं तुला माहीत आहे. ती सोसायटीही १८८३ साली निघाली तेव्हा तिच्यात शिकारीचा नाद असलेल्यांची वाण नव्हती. भाऊ आला की एक सकाळ त्याला फोर्टात सोसायटीच्या हॉर्नबिल हाउसला घेऊन जा, गावच्या पारधीऐवजी म्हणून सांग. मुद्दा वहीचा. किती पावलांवरून बार टाकला, कुठे लागला, जनावर किती वेळाने पडलं, कुठला बार टाकायला नको होता. समोर वीस साक्षीदार नसतील तर निदान एक वही तरी असावी.

आता तुझी धास्ती. ती वाजवी आहे, आणि अस्वल हे तिचं सगळ्यात छोटं कारण आहे. मूसचा मोठा नर साडेपाचशे ते सातशे किलो भरतो, आपल्या सांबराहून कितीतरी जड. तो पडल्यावर खरं काम सुरू होतं. सव्वादोनशे किलो मांस, फेरीला पस्तीस किलो धर, म्हणजे सात फेऱ्या. तंबू दोन किलोमीटरवर असेल तर येऊन-जाऊन अठ्ठावीस किलोमीटर, त्यातले चौदा ओझं घेऊन, पायाखाली दलदल. म्हणून जाणते शिकारी नदीपासून लांबचा मूस कितीही सुंदर असला तरी सोडून देतात. हाडावरून मांस सोडवताना थकलेल्या हातातली सुरी मांडीत शिरली तर पट्टी बांधायला दुसरा हात नसतो. भिजलेले कपडे, सप्टेंबरातली थंडी, चढलेली नदी. आणि मग अस्वल, कारण रक्ताचा वास त्यालाही येतो आणि त्याच्याकडे परवाना नसतो.

त्याला "एकटा जाऊ नकोस" असं तू सांगशील आणि तो "हो" म्हणून जाईल. त्यापेक्षा अटी घाल. उपग्रहावरून संदेश पाठवणारं छोटं यंत्र मिळतं, गार्मिनचं इनरीच किंवा तसलं. ते खिशात असलंच पाहिजे, पिशवीत नाही, कारण पडताना माणूस आणि पिशवी एकाच जागी पडतील असं नाही. रोज रात्री आठला त्याने "ठीक आहे" एवढा संदेश टाकायचा. सप्टेंबरात त्याचे रात्रीचे आठ म्हणजे तुझे दुसऱ्या दिवशी सकाळचे साडेनऊ. तू बहुधा लोकलमध्ये असशील. कुठे उतरणार, कुठे तंबू, विमान कुणाचं, परत कधी, हे कागदावर लिहून एक प्रत तुझ्याकडे आणि एक अँकरेजमधल्या जबाबदार माणसाकडे. आणि संदेश आला नाही तर काय करायचं हे आधीच ठरवा. एक चुकला तर गप्प बसायचं, यंत्राची बॅटरीही मरते. दोन चुकले तर तिथल्या माणसाने अलास्का स्टेट ट्रूपर्सना फोन करायचा, तिकडे शोधमोहीम त्यांच्याकडे असते. बोरिवलीत बसून देवाला नवस बोलण्यापेक्षा हे बरं. नवसही बोल, मी अडवत नाही.

बाबांचं राहिलं. त्यांना काही समजावू नकोस. मूसची संख्या, ११ टक्के कर, हे त्यांच्यासमोर मांडशील तर ते मान डोलावतील आणि उठून देवघरात जातील. तुझ्या घरात स्वतःच्या बोलण्यासारखं वागणारे सध्या तेच एक आहेत. तू आणि मी नाही, भाऊही थोडासाच. ज्या माणसाने नोकरीभर सगळं खाल्लं आणि मग ठरवून सोडलं, त्याला जनावर मरण्याचा अर्थ कळत नाही असं धरून चालू नये. उलट सोडणाऱ्यालाच तो जास्त कळलेला असतो.

भावाने फोन करायचा, बाबांना, त्यांच्या एकट्याच्या फोनवर. माफी मागायला नाही, तशी मागितली तर ती खोटी असेल आणि बाबांना ते कळेल. त्या दिवशी काय काय झालं ते सांगायला. पहाटेपासून. किती वेळ वाट बघितली, मूस पाण्यातून कसा आला, बार पडल्यावर हात थरथरले का, रात्री झोप लागली का. फोटोत नसलेलं सगळं. बाबा मधेच फोन ठेवतील अशी शक्यता आहे. न ठेवता ऐकून घेतील आणि शेवटी "जेवलास का?" एवढंच विचारतील अशीही आहे. तसं झालं तर त्यांना ग्रुपमध्ये परत घ्यायची घाई करू नकोस, ते बरे आहेत ग्रुपबाहेर.

आणि तो आल्यावर पहिले दोन दिवस घरात आमटी-भात, भाकरी, भरली वांगी. आई तिसऱ्या दिवशी सुरमई आणणारच आहे, तिला कोण थांबवणार.

तुझी मावशी

ता. क. ते उपग्रहाचं यंत्र येताना अँकरेजच्या घरीच ठेवून यायला सांग. आपल्याकडे परवानगीवाचून ते बाळगणं बेकायदा आहे, आणि सामानात सापडल्यावर परदेशी पाहुण्यांना पोलिसांकडे जावं लागल्याची उदाहरणं आहेत. बाबा विमानतळावर त्याला घ्यायला यायला तयार झालेच, तर त्यांना तिथे बाहेर चार तास उभं ठेवू नका.